फिश चाचणी नॉर्मल आली, तरी पुतण्याला प्राडर-विली सिंड्रोम असू शकतो का?

हो, असू शकतो. प्राडर-विली हा १५ नंबरच्या गुणसूत्रातल्या बिघाडाने होणारा जन्मजात आजार आहे आणि फिश चाचणी त्या गुणसूत्राचा तुकडा गळालाय का, एवढंच बघते. तुम्ही लिहिलंय की पुतण्या साडेतीन वर्षांचा आहे, जन्मला तेव्हा अंग ढिलं होतं, दूध ओढत नव्हता म्हणून महिनाभर नळीने पाजलं, आणि आता वजन भराभर वाढतंय. एवढी लक्षणं असताना नुसत्या फिशवर थांबू नका.

आपल्याकडे १५ नंबरच्या गुणसूत्राच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. त्यातल्या एका विशिष्ट भागात आईकडच्या काही जनुकांवर मिथाइल या रासायनिक खुणेचं कुलूप असतं, फक्त वडिलांकडची काम करतात. सुमारे ६० ते ७० टक्के मुलांत वडिलांकडचा तो तुकडाच गळालेला असतो. हे फिशमध्ये दिसतं. पण बाकीच्या बहुतेक मुलांत दोन्ही प्रती आईकडूनच आलेल्या असतात. तुकडा जागेवर असतो, मोजणी बरोबर भरते आणि फिश ‘नॉर्मल’ येते. म्हणून हे कुलूपच तपासणारी डीएनए मिथिलेशन चाचणी मागा. ती ९९ टक्क्यांहून जास्त रुग्ण पकडते. जांभळ्या झाकणाच्या बाटलीत थोडं रक्त लागतं, उपाशी राहावं लागत नाही. ती पॉझिटिव्ह आली तर नेमका प्रकार कोणता हेही शोधून घ्या, कारण वहिनींना दुसरं मूल हवं असेल तर हिशोब त्यावर ठरतो. तुकडा गळालेला असला किंवा दोन्ही प्रती आईच्या असल्या, तर पुन्हा होण्याची शक्यता सहसा १ टक्क्याहून कमी असते. कुलूप लावणाऱ्या भागातच आनुवंशिक दोष असेल, तर ती ५० टक्क्यांपर्यंत जाते.

वहिनींना कोणी ‘लाडावून ठेवलंय’ म्हणत असेल तर त्यांना एवढं सांगा: या मुलांचं वजन साधारण दोन वर्षांनंतर वाढायला लागतं, तेही खाणं न वाढता. स्नायू कमी, त्यामुळे उष्मांक कमी जळतात. न भागणारी भूक त्यानंतर येते, कारण पोट भरल्याची खबर मेंदूतल्या हायपोथॅलॅमसपर्यंत नीट पोचतच नाही. रागावून ती थांबत नाही.

आहाराचा ढोबळ अंदाज उंचीवरून काढतात, वजन टिकवायला सेंटीमीटरला १० ते ११ किलोकॅलरी. ९५ सेंटीमीटरच्या मुलाला दिवसाला हजाराच्या आसपास. पण या वयात तेल-तूप एकदम तोडू नका, मेंदूची वाढ चालू आहे. आहारतज्ज्ञांकडून ताट ठरवून घ्या. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व कमी पडतं का तेही विचारा. फ्रिजला आणि गूळ-शेंगदाण्याच्या डब्यांना आत्ताच कुलूप घाला. वेळा ठरलेल्या हव्यात, ताट स्वयंपाकघरातूनच वाढून आणायचं. शेजारच्या काकूंना आणि देवळात प्रसाद देणाऱ्यांनाही आधीच सांगून ठेवा. एकदा हट्टाने लाडू मिळाला की मूल रोज त्या आशेवर राहतं, आणि ही आशाच त्याला सर्वात जास्त छळते.

औषधांत ग्रोथ हॉर्मोन आहे, अमेरिकेत २००० पासून मान्य. रोज रात्री त्वचेखाली इंजेक्शन. बरेचदा शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला रोज ०.५ मिलिग्रॅमपासून सुरू करून १ पर्यंत नेतात. त्याने स्नायू आणि उंची वाढते, चरबी घटते, भूक मात्र जात नाही. सुरू करण्याआधी आणि नंतर काही आठवड्यांनी झोपेची चाचणी कराच: टॉन्सिल वाढून झोपेत श्वास अडकू शकतो. भुकेवरचं पहिलं औषध, डायझॉक्साइड कोलीन, अमेरिकेत मार्च २०२५ मध्ये मान्य झालं, तेही ४ वर्षांपुढे. साखर वाढते, सूज येते, अंगावर केस वाढतात. साधं डायझॉक्साइड म्हणजे तेच औषध नव्हे, आपल्या मनाने देऊ नका. सेटमेलॅनोटाइड या भूक-वजनावरच्या औषधाबद्दल वाचलं असेल, तर ते बार्डेट-बीडल (लठ्ठपणा आणणारा दुसरा आनुवंशिक आजार) आणि काही ठरावीक जनुकदोषांसाठी मान्य आहे, प्राडर-विलीसाठी नाही.

खर्चासाठी मुंबईच्या केईएम रुग्णालयात विचारा. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणातलं ते एक केंद्र आहे.

आणि ही खूण घरात सगळ्यांना पाठ हवी: या मुलांना उलटी क्वचितच होते, दुखणंही फारसं जाणवत नाही. खूप खाल्ल्यानंतर पोट फुगलं, उलटी झाली किंवा मूल चक्क जेवण नको म्हणालं, तर तापाची वाट न बघता तडक इमर्जन्सीत न्या. जठर ताणून त्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो.