वाचकांचे प्रश्न : लग्नघरातील कुटुंबाचे फोटो

प्रश्न : येत्या मे महिन्यात धाकट्या मुलीचे लग्न गुहागरच्या घरी, अंगणात मांडव घालून करायचे आहे. थोरलीच्या लग्नात हजारभर फोटो निघाले, पण तिचा आणि तिच्या आजीचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, एकत्र असा एकही निघाला नाही. फोटोंसाठी हाका सुरू झाल्या तेव्हा पंगती उठल्या होत्या आणि सासूबाई दमून माजघरात झोपल्या होत्या. त्या आता ८६ वर्षांच्या आहेत. मुहूर्त सकाळी ११.२० चा आहे आणि मुंबईची मंडळी जेवून लगेच चिपळूणला गाडी पकडायला निघणार आहेत. घरच्यांचे फोटो केव्हा आणि कसे घ्यावेत?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : सासूबाईंचा फोटो आदल्या संध्याकाळीच घ्यावा. घरचे धार्मिक विधी आटोपलेले असतात, माणसे अजून थकलेली नसतात आणि मे महिन्यात गुहागरला सूर्य सातच्या सुमारास मावळत असल्याने साडेपाचनंतर ओटीवर अतिशय सौम्य उजेड येतो. आजीला झोपाळ्यावर बसवा, नातीला शेजारी बसू द्या आणि दोघींना बोलू द्या. लग्नाच्या साडीतला फोटोही हवा असेल, तर सकाळी नवरी तयार झाल्यावर, गौरीहरापाशी बसण्याच्या आधी, पहिली दहा मिनिटे आजीसाठी राखून ठेवावीत.

फोटोंचा क्रम मानापेक्षा माणसांच्या सोयीवर ठरवावा, असे माझे ठाम मत आहे. ज्यांना थांबता येत नाही, म्हणजे वृद्ध, लहान मुले आणि गाडी गाठायची असलेले पाहुणे, त्यांचे फोटो आधी व्हावेत. नवरीचे आईवडील, भावंडे, आत्या, मावश्या आणि तिला बोहल्यावर घेऊन जाणारा मामा ही सगळी आपल्याच घरची माणसे असल्याने त्यांचे फोटो सकाळी साडेआठ ते सव्वानऊ या वेळात सहज उरकतात. मुहूर्तानंतरचा वेळ केवळ ज्या फोटोंत वधूवर दोघेही हवेत त्यांच्यासाठी ठेवावा : आधी मुंबईकर, मग व्याही आणि विहिणी, शेवटी मित्रमंडळी. एका गटाला माणसे गोळा करण्यापासून तीन ते चार मिनिटे लागतात, म्हणजे बारा गटांना पाऊण तास जातो. त्याहून लांबलेली यादी पंगतीला उशीर करते, म्हणून बारावर थांबणे बरे.

ही यादी फोटोग्राफरच्या हाती देऊन भागत नाही, कारण त्याला आपली काकू आणि व्याह्यांची वहिनी यांतला फरक कळत नाही. दोन्ही पक्षांकडून सर्वांना नावानिशी ओळखणारी एकेक व्यक्ती नेमावी. खणखणीत आवाजाची करवली असेल तर उत्तमच. एक गट उभा असताना पुढच्या गटाला पडवीत आणून बसवणे एवढेच तिचे काम.

उजेडाकडे मात्र विशेष लक्ष द्यावे लागेल. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आपल्याकडे सूर्य दुपारी साडेबाराच्या सुमारास जवळजवळ नेमका डोक्यावर येतो आणि आपले विधी संपण्याची वेळही साधारण तीच आहे. त्या वेळी उघड्या अंगणात उभे राहिल्यास डोळ्यांच्या खोबणीत काळी सावली पडते. नारळी-पोफळीच्या वाडीत गार वाटते खरे, परंतु झावळ्यांतून उतरणारे कवडसे एकाच्या कपाळावर आणि दुसऱ्याच्या गालावर पडतात. मांडवाचे कापड लाल किंवा निळे असेल, तर तोच रंग सर्वांच्या चेहऱ्यांवर उतरतो. म्हणून जिथे फोटो घ्यायचे तेवढ्या भागावर तरी पांढरे कापड घालण्यास मांडववाल्यांना आत्ताच सांगावे. सर्वांत उत्तम जागा म्हणजे ओटीच्या पायऱ्या : वर छपराची सावली, समोरून अंगणाचा उजेड आणि मागच्या रांगेतील चेहरे आपोआप वर.

प्रत्येक गटाचे अनेक फोटो काढायला सांगावे, कारण कोणीतरी डोळे मिटतेच. ऑस्ट्रेलियातील निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांनी याचा गणिती हिशेब मांडला आणि त्यांना २००६ चे इग नोबेल (आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनासाठीचे पारितोषिक) मिळाले. वीसहून कमी माणसे असतील, तर चांगल्या उजेडात त्यांच्या संख्येला तीनने आणि मंद उजेडात दोनने भागावे. येईल तितके फोटो काढले की एकात तरी सर्वांचे डोळे उघडे मिळण्याची बरीच खात्री असते. पंधरा जणांसाठी ओटीवर पाच पुरेत.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तरीही लिहितो. घरातील विधवा आजी, काकू किंवा मावशी अशा वेळी स्वतःहून मागे सरतात आणि गडबडीत कोणी त्यांना पुढे बोलावत नाही. त्यांची नावे यादीत लिहून ठेवावीत आणि नवरीने स्वतः त्यांचा हात धरून आणावे.

प्रश्न : लग्नाच्या संध्याकाळी किनाऱ्यावर पन्नास जणांचा एकत्र फोटो घ्यायचा आहे. काय काळजी घ्यावी?
— एक वाचक, दापोली

उत्तर : आधी पंचांगात तिथी पाहावी. आपल्या किनाऱ्यावरचे दर्यावर्दी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती असेल आणि पन्नास जणांना उभे राहण्यापुरतीही सपाट वाळू कदाचित मिळणार नाही. पौर्णिमेला किंवा अमावास्येला भरती सव्वाअकराच्या आसपास येते, त्यामुळे साडेपाचच्या सुमारास पूर्ण ओहोटी असून किनारा दूरवर मोकळा असतो. हा हिशेब ढोबळ आहे, तेव्हा गावातील कोळी बांधवांना विचारून वेळ पक्की करावी.

सूर्य समुद्राच्या बाजूला असल्याने त्याच्याकडे तोंड केले की डोळे बारीक होतात आणि पाठ केली की चेहरे काळवंडतात. म्हणून तो क्षितिजाजवळ येऊन तांबूस होईपर्यंत थांबावे आणि मगच सर्वांना समुद्राकडे तोंड करून उभे करावे. वडीलधाऱ्यांसाठी खुर्च्या न्याव्यात, पण खुर्च्यांचे पाय ओल्या वाळूत रुततात, म्हणून खाली घालायला एखादी रुंद फळी घरूनच न्यावी.