पेनाइल इम्प्लांटचा क्लेम नाकारला, म्हणून गप्प बसायचं का?

प्रश्न : वय ५४, सांगली जिल्ह्यात राहतो, खासगी कंपनीत नोकरी. सतरा वर्षांपासून मधुमेह आहे. त्यातून लैंगिक ताठरता पूर्ण गेली. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, उपयोग झाला नाही. पाच आठवड्यांपूर्वी पुण्यात पेनाइल इम्प्लांट (ताठरता आणणारं, शरीराच्या आत बसवायचं पंपवालं उपकरण) बसवून घेतलं. सूज उतरत आली आहे, फार वेळ बसवत नाही, पंप सुरू करायला डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यात बोलावलं आहे. कॅशलेस मिळालं नाही, ६ लाख ४० हजार पदरचे भरले. आता विमा कंपनीचं पत्र आलं : ‘वंध्यत्व’ आणि ‘सौंदर्यशस्त्रक्रिया’ या कलमांखाली क्लेम नामंजूर. पॉलिसी २०१५ पासून अखंड चालू आहे, मधुमेह तेव्हाच फॉर्मवर लिहिला होता. हॉस्पिटलच्या बिलिंगमधला एक जण म्हणतो, डिस्चार्ज कार्डावर हायड्रोसील (अंडकोशात पाणी साचणं) लिहून देतो, पुन्हा पाठवा. ऑफिसमध्ये एचआर ऑपरेशनचे कागद मागते आहे. विमा एजंट नात्यातला आहे. बायकोशिवाय कुणालाच हे माहीत नाही. सोडून द्यावं असं वाटतं.

उत्तर : सोडून देऊ नका. तुमच्या पत्रातल्या माहितीवरून क्लेम लढवण्याजोगा आहे. तो बुडेल तर कायद्यामुळे नाही, तुम्ही संकोचाने मागे हटलात म्हणून बुडेल. तुमचा संकोच मी समजू शकते. पण मधुमेहाने डोळ्याचा पडदा खराब झाला असता तर तुम्ही कंपनीशी चार हात केले असते. त्याच मधुमेहाने रक्तवाहिन्या आणि नसा निकामी झाल्या, फक्त शरीराच्या दुसऱ्या भागात. कायद्याच्या नजरेत या दोन्हींत फरक नाही.

आधी सगळ्यात घातक गोष्ट. डिस्चार्ज कार्ड बदलून घ्यायला स्पष्ट नकार द्या, आजच द्या. सुचवणाऱ्याने तुमच्या काळजीपोटीच सुचवलं असेल, तरीही. कंपनीकडे पहिलं खरं कार्ड आधीच गेलेलं आहे. त्याच तारखांचं दुसरं कार्ड हायड्रोसीलचं आलं की कुणालाही पाच मिनिटांत कळेल. मग आज जो वाद पॉलिसीच्या अर्थाचा आहे तो फसवणुकीचा होईल : भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक, कलम ३३६ खाली बनावट दस्तऐवज. खोटं प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरची नोंदणी धोक्यात येईल ते वेगळंच. शिवाय फसवणुकीच्या कारणावरून कंपनी पॉलिसीच रद्द करू शकते. मधुमेह असलेल्या माणसाला चोपन्नाव्या वर्षी नवी पॉलिसी मिळवताना काय होतं, हे तुमच्या एजंटला विचारा. आज तुमची सगळ्यात मोठी ताकद हीच आहे की तुम्ही २०१५ मध्येही खरं लिहिलं आणि आताही खरंच लिहिलं. ती घालवू नका.

आता नकाराच्या पत्राकडे येऊ. आरोग्य विम्यात काय वगळायचं याची भाषा विमा नियामक आयआरडीएआयने २०१९ मध्ये प्रमाणित केली. त्यामुळे कलमाचा अर्थ कंपनीला हवा तसा ताणता येत नाही. वंध्यत्वाचं कलम (सांकेतिक क्रमांक १७) वाचा. त्यात वंध्यत्वाशी संबंधित खर्च येतो : गर्भनिरोध, नसबंदी, कृत्रिम गर्भधारणेचे उपचार, सरोगसी आणि नसबंदी उलटवणं यांसारखा. तुमची शस्त्रक्रिया यातली कुठली? इम्प्लांटमध्ये वृषणांच्या कामाला हात लागत नाही, वीर्य तयार होणं किंवा स्खलन यांत त्याने काही बदलत नाही. मूल होण्या-न-होण्याशी या उपचाराचा संबंधच नाही.

सौंदर्यशस्त्रक्रियेचं कलम (क्रमांक ८) रूप बदलण्यासाठी केलेल्या उपचारांबद्दल आहे. तुमच्या शस्त्रक्रियेतला एकही भाग बाहेरून दिसत नाही : दंडगोल आत, पंप अंडकोशाच्या पिशवीत, पाण्याची टाकी पोटाच्या बाजूला. हरवलेलं कार्य परत मिळवणं हाच तिचा हेतू. कंपनी या कलमाच्या शेवटच्या शब्दांवर बोट ठेवेल, की तातडीचा धोका टाळण्यासाठी आवश्यक असेल तरच सूट आहे. पण सूट शोधायची वेळ आधी उपचार सौंदर्याचा ठरला तर येते, आणि तेच मुळात खरं नाही. वगळणाऱ्या कलमाचा अर्थ काटेकोर लावायचा आणि ते लागू पडतं हे विमा कंपनीने सिद्ध करायचं, ही सर्वोच्च न्यायालयाची जुनी भूमिका आहे. २०२२ च्या टेक्सको मार्केटिंग विरुद्ध टाटा एआयजी या निकालात ती पुन्हा ठामपणे आली.

एक गोष्ट मात्र आधी तपासा, कारण यावर तुमचा निकाल फिरू शकतो. काही पॉलिसींमध्ये लैंगिक दुर्बलतेचे उपचार वेगळ्या ओळीत स्पष्ट वगळलेले असतात. तुमच्या पॉलिसीचं पूर्ण पुस्तक काढा, दोन पानांचं प्रमाणपत्र नव्हे, आणि प्रत्येक ओळ वाचा. अशी ओळ असेल तर बाजू कमकुवत होते, हे मी लपवणार नाही. तेव्हा मुद्दा उरतो तो एवढाच की ही अट तुम्हाला कधी दिली आणि समजावली होती का, आणि ती २०१५ पासून होती की नंतरच्या एखाद्या नूतनीकरणात शिरली. पण ज्या अर्थी कंपनीने नकाराच्या पत्रात अशी ओळ दाखवलेली नाही, त्या अर्थी ती नसण्याची शक्यता मला जास्त वाटते. उद्या कंपनी मधुमेहाचं कारण पुढे करेल, तर तेही टिकणार नाही. तुम्ही तो जाहीर केलेला आहे, प्रतीक्षाकाळ (जुन्या आजारावर क्लेम न मिळण्याची सुरुवातीची मुदत) केव्हाच संपला, आणि सलग साठ महिने झाल्यावर सिद्ध झालेली फसवणूक सोडून माहिती दडवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही.

कागद कुठले लागतील? हॉस्पिटलला लेखी अर्ज देऊन इनडोअर केसपेपर, ऑपरेशनची नोंद, संमतीपत्र आणि इम्प्लांटच्या खोक्यावरच्या स्टिकरची प्रत मागा. त्यावर मॉडेल आणि लॉट क्रमांक असतो, पुढे उपकरणात बिघाड झाला तर तो लागेल. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात, आणि रुग्णाचा हा हक्क मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच मान्य केला आहे. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.

त्याहून मोलाचं आहे ते सर्जनचं एक पत्र. पंप सुरू करायला जाल तेव्हाच ते मागून घ्या. त्यात यावं : दोष शारीरिक आहे, त्याचं कारण मधुमेह, डॉपलर (रक्तप्रवाहाच्या) तपासणीत काय दिसलं, कुठल्या गोळ्या आणि इंजेक्शनं किती काळ दिली, ती का अपुरी पडली, आणि हा उपचार ना संततीसाठी होता ना रूपासाठी. जुनी प्रिस्क्रिप्शनं आणि औषधांची बिलं सापडतील तेवढी जोडा. गोळी, मग इंजेक्शन, मग शस्त्रक्रिया ही चढती वाट कागदावर दिसली की हौस म्हणून केल्याचा आरोप आपोआप गळून पडतो.

मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. एजंटला मध्ये घेण्याची काहीही गरज नाही, कंपनीशी थेट पत्रव्यवहार हा पॉलिसीधारकाचा हक्क आहे. आयआरडीएआयच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कंपनीच्या समितीची मंजुरी असल्याशिवाय क्लेम नाकारता येत नाही, आणि नकाराच्या पत्रात नेमकी अट दाखवावी लागते. तुमच्या क्लेमवर समितीने काय ठरवलं, ते विचारा. हा एक प्रश्न पुष्कळदा फाईल वरच्या टेबलावर पोचवतो.

महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा नकार कायम राहिला, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा. सांगली पुणे कार्यालयाखाली येते. फी नाही, वकील चालत नाही, तुम्ही स्वतः बोलायचं. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाची मुदत असते. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. पटला नाही तर सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा दरवाजा उघडा राहतो. उलट मात्र चालत नाही : ग्राहक आयोगात तक्रार प्रलंबित असताना लोकपाल तुमचं ऐकणार नाहीत. आयोगाची मुदत दोन वर्षांची, ती क्लेम नाकारल्याच्या तारखेपासून धरून चाला.

तुमच्याबाबतीत मी लोकपालाचाच रस्ता आधी सुचवते, आणि त्याला खासगीपणा हेही कारण आहे. ग्राहक आयोगात तुमचं नाव रोजच्या यादीत लागतं, निकाल संकेतस्थळावर चढतो. तिथे जावंच लागलं तर पहिल्याच तारखेला नाव झाकण्याचा अर्ज द्या. तो मंजूर करणं आयोगाच्या हाती आहे, पण मागणी अजब नाही. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका रुग्णाचं प्रकरण ‘मिस्टर एक्स’ या नावानेच चालवलं होतं, आणि २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आहे.

एचआरचं उत्तर सोपं आहे. रजेसाठी त्यांना तुम्ही किती दिवस कामाला अयोग्य होता आणि कधी रुजू व्हाल एवढं कळणं पुरेसं आहे. डॉक्टरांकडून ‘मूत्ररोग विभागातील शस्त्रक्रियेनंतर विश्रांती’ असं प्रमाणपत्र घ्या. ते पूर्ण खरं आहे आणि त्यातून काही फोडलंही जात नाही. फार वेळ बसणं, वजन उचलणं, दुचाकी चालवणं याबद्दल डॉक्टरांनी बंधनं घातली असतील तर तीही लिहून घ्या. डिस्चार्ज कार्ड किंवा बिल एचआरला देऊ नका. आग्रह झाला तर कंपनीच्या कुठल्या नियमाखाली मागता, ते ईमेलवर विचारा. रुग्णाची गुपितं न फोडण्याचं बंधन डॉक्टरांवर आहे, त्यामुळे हॉस्पिटलला परस्पर फोन करून एचआरला काही मिळणार नाही.

या धावपळीत तपासण्या चुकवू नका. ताप, पू, वाढती लाली, किंवा पंपाच्या जागी कातडी चिकटल्यासारखी वाटली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता पुणे गाठा. मधुमेहात जंतुसंसर्गाची भीती जास्त असते आणि उशीर झाला तर अख्खं उपकरण काढावं लागू शकतं. डिस्चार्जनंतरच्या ठराविक दिवसांचा औषधं-तपासण्यांचा खर्चही बहुतेक पॉलिसींत मिळतो, म्हणून प्रत्येक पावती जपा आणि त्याच वादात जोडा.

आणि नूतनीकरणाचा हप्ता. कंपनीवर चिडून तो थकवणारी माणसं मी पाहिली आहेत. क्लेम केला म्हणून कंपनी नूतनीकरण नाकारू शकत नाही, पण तुमच्या हातून खंड पडला तर दहा वर्षांची सलगता जाते. हे उपकरण यांत्रिक आहे, काही वर्षांनी ते दुरुस्त करायची किंवा बदलायची वेळ येऊ शकते. तेव्हा हीच पॉलिसी चालू असायला हवी. हप्त्याची तारीख आजच बघून ठेवा.