'रेकन्साइल' म्हणजे नेहमी समेट नव्हे

प्रिय,

तुझं भाषांतर वाचलं. 'रेकन्साइल' हे इंग्रजी क्रियापद जिथे जिथे आलं, तिथे तू 'समेट करणे' लिहिलं आहेस. काही ठिकाणी ते शोभतं, बाकी ठिकाणी अर्थाचा अनर्थ होतो. त्यामुळे आधी त्या क्रियापदाला जोडून 'विथ' आलंय की 'टू', ते बघायचं.

'शी रेकन्साइल्ड विथ हर ब्रदर' म्हणजे तिची भावाशी दिलजमाई झाली. 'ही वॉज रेकन्साइल्ड टू हिज लॉस' म्हणजे झालेलं नुकसान त्याने अखेर मनाने स्वीकारलं. इथे दुसरा पक्षच नाही, मग समेट होणार कुणाशी? शिवाय त्यात नाइलाजाची छटा आहे, म्हणून 'आनंदाने पत्करलं' असंही लिहू नकोस. अपवाद जुन्या इंग्रजीचा: 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्ये भावाशी समेट करायलाही 'टू'च वापरलंय.

दोन मतं, दोन विधानं किंवा दोन हिशेब असतील तर 'मेळ घालणे'. बँकेच्या हिशेबातला अर्थ नीट समजून घे, कारण शब्दाचा गाभा तिथे उघडा दिसतो. समज, रोकड वहीत शिल्लक 47,000 आणि बँकेच्या उताऱ्यात 50,000. तू दिलेला 3,000 चा चेक अजून वटलेला नाही. वहीत तो वजा झालाय, बँकेपर्यंत पोचलेलाच नाही. 50,000 मधून ते 3,000 वजा दाखवले की जुळवणी झाली. इथे कुणाचंच चुकलेलं नव्हतं. फरक कशामुळे पडला ते सापडलं, एवढंच. आकडे जुळावेत म्हणून नवी नोंद घुसडणं याला रेकन्साइल म्हणत नाहीत.

शब्द आला लॅटिन 'रेकॉन्सिलिआरे'वरून. 'रे' म्हणजे पुन्हा, 'कॉन्सिलिआरे' म्हणजे एकत्र आणणं, आपलंसं करणं. त्याच्या मुळाशी 'कॉन्सिलियम', म्हणजे सभा. इंग्रजीतलं 'काउन्सिल' त्याच घरातलं. सल्ला या अर्थाचं 'काउन्सेल' मात्र 'कॉन्सिलियम'चं नाही, ते 'कॉन्सुलेरे'च्या कुळातलं. त्यांची गल्लत करू नकोस.

या शब्दात क्षमायाचना अंगभूत नाही, आणि घाईत लिहिलेल्या भाषांतरांत हेच सर्वांत जास्त निसटतं. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाच्या काळातल्या अत्याचारांची चौकशी करणारा सत्य आणि सलोखा (इंग्रजीत 'रेकन्सिलिएशन') आयोग 1995 च्या कायद्याने स्थापन झाला, अध्यक्ष होते डेस्मंड टूटू. राजकीय हेतूने केलेल्या गुन्ह्याला माफी मिळण्यासाठी संबंधित सर्व तथ्यं पूर्णपणे उघड करण्याची अट होती. पश्चात्ताप व्यक्त करण्याची अट कायद्यात नव्हती. तिथे 'प्रायश्चित्त' लिहिलंस तर ती चूक फार मोठी. प्रायश्चित्तासाठी 'अटोन' आहे. गंमत म्हणजे तो शब्द 'ॲट वन', म्हणजे एकमत असणे, यावरूनच झाला आणि पूर्वी त्याचाही अर्थ समेटच होता.

मराठीत निवड करताना: माणसांत दिलजमाई, भांडणाऱ्या पक्षांत समेट, समाजांत सलोखा, हिशेबात ताळमेळ. 'तडजोड' टाळ, ती 'कॉम्प्रोमाइज'. तिच्यात दोघांनी काहीतरी सोडलेलं असतं.

उच्चारात क्रियापदाचा जोर पहिल्या 'रे'वर, 'रेकन्सिलिएशन' या नामात 'एशन'मधल्या 'ए'वर. आणि नामाच्या स्पेलिंगमध्ये 'एल'नंतरचा 'आय' बरेच जण गाळतात, तो तपासून घे.

सस्नेह.