जुन्या कृष्णधवल चित्रपटांच्या डिस्कचं क्यूसी (गुणवत्ता तपासणी) करताना नेमकं काय तपासायचं?

तुम्ही लिहिलंय की महापे एमआयडीसीतल्या एका युनिटमध्ये क्यूसीला लागला आहात, पन्नास-साठच्या दशकातले मराठी चित्रपट ब्लू-रेसाठी साफ होऊन तुमच्याकडे येतात आणि हातात फक्त धूळ-ओरखडे मोजायची चेकलिस्ट आहे. ती पुरणार नाही. राहिलेली धूळ पुढेही काढता येते, पण धुळीबरोबर चित्रातलं जे पुसलं गेलं ते डिस्क घेणाऱ्याला कधीच दिसणार नाही. म्हणून साफ न केलेला मूळ स्कॅन त्याच टाइमकोडला (प्रत्येक फ्रेमच्या वेळेचा आकडा) शेजारच्या मॉनिटरवर लावून मागा. तो मिळाल्याशिवाय सही करू नका.

चित्रपट बघायला बसण्याआधी लांबी ताडून घ्या. सेन्सॉर प्रमाणपत्रावर ती असते. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम बसतात आणि सेकंदाला २४ फ्रेम जातात, म्हणजे मिनिटाला ९० फूट. १३,५०० फुटांचा चित्रपट १५० मिनिटं चालला पाहिजे. (लांबी मीटरमध्ये असेल तर २७.४ ने भागा.) फाइल १४४ मिनिटांची भरली तर बहुधा ती सेकंदाला २५ फ्रेमच्या पाल (जुनी टीव्ही पद्धत) मास्टरवरून आली आहे. मग सगळा चित्रपट ४ टक्के जोरात पळतो आणि पांढरी एकमधलं गाणं काळी एकच्या जवळ जातं. वेग बरोबर असूनही मिनिटं कमी भरली, तर कुठेतरी कडवं किंवा प्रसंगच गळलाय.

रिळांचे जोड न चुकता ऐका. हजार फुटी रीळ साधारण ११ मिनिटांचं. प्रिंटवर आवाज आपल्या चित्राच्या सुमारे २० फ्रेम पुढे छापलेला असतो. हे अंतर न सांभाळता जोड मारला की एखादा शब्द अर्धा गिळला जातो, नाहीतर पुढचं अख्खं रीळ ओठांशी जुळत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान ऑटोमॅटिक धूळसफाई करते. एका फ्रेममध्ये आहे पण आधीच्या-नंतरच्या फ्रेममध्ये नाही, ते सॉफ्टवेअरच्या लेखी धूळ. आता लग्नाचा प्रसंग घ्या. मूळ स्कॅनमध्ये अक्षता बारीक पांढऱ्या रेघांसारख्या दिसतात, दर फ्रेमला वेगळ्या जागी. साफ केलेल्या फाइलमध्ये त्यातल्या निम्म्या गायब होतात. पावसाचे थेंब, ठिणग्या, नथीची चमक, ढोलकीवर पडणाऱ्या हाताची बोटं, गिरकीतली पदराची किनार, सगळ्यांची हीच गत. असे प्रसंग एकेक फ्रेम पुढे सरकवत बघा. रंगीत फिल्मवर इन्फ्रारेड चॅनेलने धूळ वेगळी ओळखता येते, कारण रंगद्रव्यं इन्फ्रारेडला पारदर्शक असतात. कृष्णधवल फिल्ममधली चांदी इन्फ्रारेड अडवते, म्हणून तिथे सॉफ्टवेअरला हालचालीवरून अंदाजच बांधावा लागतो. माझं स्पष्ट मत आहे की गाणी, गर्दी आणि पाऊस यांची सफाई हातानेच व्हायला हवी, मग दिवस वाढले तरी चालतील.

ग्रेन (फिल्मचा मूळ दाणेदारपणा) घासून काढला की चेहरे मेणाचे होतात. चित्र थांबवून २०० टक्के मोठं करा आणि लुगड्याचा पोत, दाढीचे खुंट, भिंतीचा चुना बघा. मग चालू करा. माणूस स्थिर असताना स्पष्ट आणि मान वळवली की फरफटलेला दिसला तर फेल. डिझॉल्व्ह (एक दृश्य विरत दुसरं उमटणं) आणि श्रेयनामावलीत ग्रेन जाड दिसतो, कारण तो भाग लॅबमध्ये पुन्हा छापलेला असतो. त्याला दोष धरू नका. एका ८.५ जीबीच्या डीव्हीडीत तीन चित्रपट कोंबले की आवाज धरून जेमतेम अडीच एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) वाट्याला येतात, तेवढ्यात ग्रेन टिकत नाही. ५० जीबीच्या ब्लू-रेवर एकच चित्रपट असताना ही सबब ऐकून घेऊ नका.

चौकट १.३७:१ चीच हवी. टीव्ही भरावा म्हणून १६:९ केली की उंचीतला जवळपास २३ टक्के भाग जातो: वर फेटा, खाली नाचणारीचे पाय. दिवसा चित्रित करून रात्र म्हणून गडद छापलेले प्रसंग ग्रेडिंगमध्ये (चित्राचा उजेड-गडदपणा ठरवताना) उजळले नाहीत ना, तेही बघा. हातात कंदील आणि अंगणात लख्ख ऊन, असं दिसलं की परत पाठवा.

आवाजासाठी एक खात्रीची चाचणी आहे. साफ केलेला ट्रॅक उलट्या फेजमध्ये (ध्वनिलहर उलटी करून) मूळ ट्रॅकवर बसवा. दोन्ही ट्रॅकची पातळी आणि सिंक तंतोतंत जुळलेले हवेत. मग हेडफोनवर उरतं ते फक्त काढून टाकलेलं. खरखर आणि टिकटिक उरली तर ठीक. घुंगरू, ढोलकीची चाट किंवा 'स', 'श' ऐकू आले तर डी-क्लिकर (टिकटिक काढणारं) आणि नॉइज रिडक्शन (खरखर काढणारं) दोन्ही कमी करायला सांगा.

रिपोर्टमध्ये प्रत्येक दोषापुढे रीळ, टाइमकोड आणि 'मूळ स्कॅनमध्ये आहे / नाही' एवढं लिहाच. 'नाही' असलेले दोष सफाईत तयार झालेले असतात, ते आधी दुरुस्तीला पाठवा. शेवटी तयार डिस्क घरगुती प्लेअरवर पूर्ण चालवा, टीव्हीचं मोशन स्मूदिंग (मधल्या फ्रेम घालून हालचाल गुळगुळीत करणं) बंद करून.