मुंबईच्या सभागृहांची आणि सार्वजनिक वास्तूंची जुनी छायाचित्रे सापडली आहेत. त्यांचे साल कसे ठरवावे?

आपल्या प्रश्नावरून असे दिसते की आजोबांच्या पेटीत मुंबईच्या वास्तूंची काही छायाचित्रे निघाली असून त्यांपैकी बोरीबंदर, टाऊन हॉल, विद्यापीठाचे सभागृह आणि ऑपेरा हाउस ही आपल्याला ओळखू आली आहेत. कोणत्याही छायाचित्रामागे साल लिहिलेले नाही, आणि ऑपेरा हाउसचे छायाचित्र बादशहाच्या हस्ते उद्घाटन झाले त्याच दिवसाचे असल्याचे घरात सांगितले जाते. जुन्या मुंबईची छायाचित्रे पाहण्याचा मला अनेक वर्षांचा नाद आहे, त्या आधारावर उत्तर देतो.

ज्या वास्तूसाठी छायाचित्र घेतले गेले, तिच्याकडे सर्वांत शेवटी पाहावे, असे मी सुचवीन. दगडी इमारत शंभर वर्षांत फारशी बदलत नाही. बदलतात ते तिच्यासमोरचा रस्ता, त्यावरची वाहने, डोक्यावरच्या तारा, शेजारचे मोकळे भूखंड आणि चौकातले पुतळे. शहर वाढत असताना प्रत्येक नवी गोष्ट कोणत्या वर्षी आली याची नोंद बहुधा मिळते, त्यामुळे छायाचित्रात काय आहे आणि काय अजून आलेले नाही, या दोन टोकांमध्ये साल पकडता येते.

बोरीबंदरचा, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोरचा, चौक या कामाला सर्वांत सोयीचा आहे. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार स्थानकाच्या इमारतीचे काम १८७८ मध्ये सुरू होऊन १८८८ मध्ये संपले. समोरची महापालिकेची इमारतही त्यांचीच, ती १८९३ मध्ये पूर्ण झाली. म्हणजे स्थानक पुरे आहे पण महापालिकेच्या जागी घुमट दिसत नाही, असे छायाचित्र जेमतेम पाच वर्षांच्या पट्ट्यात बसते. त्यानंतर ट्राम पाहावी. घोड्यांची ट्राम मुंबईत १८७४ पासून धावत होती आणि तिला वरच्या तारांची गरज नव्हती; विजेची ट्राम आली १९०७ मध्ये. रस्त्याच्या मध्यावर, रुळांच्या बरोबर वर ताणलेली तार दिसली, तर छायाचित्र १९०७ च्या अलीकडचे. येथे थोडे सावध राहावे, कारण रस्त्याकडेच्या खांबांवरच्या तारायंत्राच्या तारा त्याआधीच्या छायाचित्रांतही असतात आणि घाईत पाहणारा त्यांनाच ट्रामची तार समजतो. दुमजली ट्राम १९२० मध्ये, बस १९२६ मध्ये आणि दुमजली बस १९३७ मध्ये आली. ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम धावली. महापालिकेसमोर फिरोजशहा मेहतांचा पुतळा उभा असेल तर छायाचित्र १९२३ नंतरचे आहे. स्थानकाच्या दर्शनी भागावर, घड्याळाखालच्या कोनाड्यात, पूर्वी व्हिक्टोरिया राणीचा पुतळा होता. स्वातंत्र्यानंतर तो काढला गेला. आपल्या छायाचित्राची प्रत चांगली असेल, तर तो कोनाडा भरलेला आहे की रिकामा, हे साध्या भिंगानेही दिसेल, आणि एवढ्या एका खुणेवर निम्मा प्रश्न सुटेल.

विद्यापीठाच्या बाबतीत उत्तर त्याहून सोपे आहे. सर कावसजी जहांगीर यांच्या नावाचे दीक्षान्त सभागृह १८७४ मध्ये तयार झाले आणि शेजारचा राजाबाई टॉवर १८७८ च्या अखेरीस. मधल्या चार वर्षांतल्या छायाचित्रात सभागृह पूर्ण आणि टॉवर नाही किंवा अर्धवट, असे दृश्य असते. ते आपल्या पेटीत असेल तर जपून ठेवावे. टॉवरवरून पश्चिमेकडे घेतलेले दृश्य असेल, तर ओव्हल मैदानापलीकडे रेल्वेमार्ग आणि त्याला जवळजवळ लागून समुद्र दिसतो का, ते पाहावे. मैदानाच्या पश्चिम कडेची, आता आर्ट डेको म्हणून नावाजलेली घरे १९३० नंतरच्या भरावावरची आहेत.

टाऊन हॉल, म्हणजे आजच्या एशियाटिक सोसायटीची इमारत, १८३३ मधली असल्याने तिच्या आयुष्याचा आरंभीचा काळ छायाचित्रणाच्या आधीचाच आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ मध्ये, आणि तिच्या आरंभीच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू नारायण दाजी हे होते. पायऱ्यांसमोर नुसते मोकळे मैदान दिसत असेल, तर ते छायाचित्र किल्ल्याची तटबंदी पाडली गेली त्या सुमाराचे किंवा त्याआधीचे, म्हणजे साधारण १८६५ च्या अलीकडे न येणारे. कमानींच्या इमारतींचे वर्तुळ आणि मधली बाग त्यानंतरची.

पुतळ्यांविषयी आणखी दोन शब्द, कारण ते हमखास उपयोगी पडतात. काळा घोडा, म्हणजे सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा, १८७९ पासून १९६५ पर्यंत आपल्या जागी होता. संगमरवरी छत्रीखाली बसलेल्या व्हिक्टोरियाचा, बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दिलेला पुतळा १८७२ चा. १८९६ मध्ये चाफेकर बंधूंनी डांबर फासले तो हाच. दोन्ही आता भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहेत. अपोलो बंदराच्या छायाचित्रात ताजमहाल हॉटेल आहे पण गेटवे नाही, तर ते १९०३ ते १९२४ या दरम्यानचे. शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा दिसला तर १९६१ नंतरचे.

आता कागद. अंड्यातल्या पांढऱ्या भागाचा लेप दिलेला पातळ, पिवळसर-तपकिरी झालेला कागद जाड पुठ्ठ्यावर डकवलेला असेल, तर छायाचित्र बहुतांशी एकोणिसाव्या शतकातले मानावे. कडांवर आणि काळ्या भागांवर पाऱ्यासारखी चमक आली असेल, तर ते पुढच्या काळातल्या जिलेटिनच्या कागदावरचे. भिंगाखाली बारीक ठिपके दिसले, तर हाती आहे ते छायाचित्र नसून छापील चित्र किंवा पोस्टकार्ड आहे. कोपऱ्यात काचेवरच, म्हणजे काचेच्या निगेटिव्हवर, खरडलेला आकडा किंवा सही असेल तर तीही टिपून घ्यावी. बोर्न अँड शेफर्ड या कंपनीच्या काचांवर असे क्रमांक असत आणि संग्रहालयांच्या याद्यांशी ते जुळवता येतात. रस्ता ओसाड दिसला म्हणून ‘त्या काळी मुंबईत गर्दीच नव्हती’ असा निष्कर्ष मात्र काढू नये. रसायन लावलेली काच ओली असतानाच छायाचित्र घेण्याच्या जुन्या पद्धतीत भिंग काही सेकंद उघडे ठेवावे लागे, त्यामुळे चालती माणसे आणि टांगे चित्रात उमटतच नसत, फार तर धुरकट पट्टा राही. रंगीत पोस्टकार्डांवरच्या रंगांवर तर मुळीच विसंबू नये, कारण ते मागाहून भरलेले असत आणि भरणाऱ्याने मुंबई पाहिलेली असेच असे नाही.

आपण सभागृहांविषयी मुद्दाम विचारले आहे, म्हणून एक खंत येथे मांडतो. या शहराच्या नाट्यगृहांची दर्शनी भागाची छायाचित्रे मिळतात, आतली फार कमी. गॅसच्या उजेडात चाललेला प्रयोग त्या काळच्या मंद काचेवर टिपणे शक्यच नव्हते. शिवाय छायाचित्रकारांचे गिऱ्हाईक फोर्टातले, त्यामुळे फोर्टाच्या मानाने ग्रँट रोड आणि पिला हाउस या नाट्यगृहांच्या भागाकडे कॅमेरा कमी वळला. नाना शंकरशेट यांच्या जागेवर १८४६ मध्ये उभे राहिलेले आणि १८५३ मध्ये विष्णुदास भाव्यांच्या मंडळीचे प्रयोग झालेले ग्रँट रोडचे नाट्यगृह आपल्याला प्रामुख्याने वर्णनांतूनच डोळ्यांसमोर आणावे लागते. याउलट १८७९ मध्ये बोरीबंदरसमोर बांधलेले गेइटी थिएटर, जे पुढे कॅपिटॉल सिनेमा झाले, ते केवळ मोक्याच्या जागी असल्यामुळे स्थानकाच्या छायाचित्रांत कडेला सापडून जाते. वॉटसन हॉटेलचेही तसेच: त्याचा लोखंडी सांगाडा शेकडो वेळा टिपला गेला, पण ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंचे चित्रपट जेथे दाखवले गेले, त्या खोलीतला तो प्रसंग कोणी टिपला नाही. तो खेळ पाहून भारावलेले सावे दादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, स्वतः व्यवसायाने छायाचित्रकार होते, आणि तीनच वर्षांनी त्यांनी हँगिंग गार्डनमधल्या कुस्तीचे चित्रीकरण केले.

कावसजी जहांगीर हॉलच्या (ही इमारत विद्यापीठाच्या त्याच नावाच्या सभागृहाहून वेगळी) आतले एखादे छायाचित्र पेटीत निघाले, तर माझ्या मते तेच सर्वांत मोलाचे. जॉर्ज विटेट यांनी आराखडा केलेली ही इमारत बाहेरून होती तशीच आहे. आत मात्र सभा आणि मैफलींचा तो प्रशस्त हॉल उरलेला नाही, कारण १९९६ मध्ये तेथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सुरू झाले ते आतल्या भागाची संपूर्ण नवी रचना करूनच.

ताडून पाहण्यासाठी ब्रिटिश लायब्ररीचा संग्रह, मुंबईतील एशियाटिक सोसायटी, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि दिल्लीचे अल्काझी फाउंडेशन येथील छायाचित्रे उपयोगी पडतील. स्कॅन करताना पुठ्ठा आणि मागची बाजूही घ्यावी, छायाचित्र पुठ्ठ्यापासून सोडवू नये, आणि साल लिहिताना एकच आकडा न देता ‘१९०७ ते १९२३’ असा पट्टा लिहावा. छायाचित्र उलटे छापले गेले नाही ना, हे घड्याळाच्या आकड्यांवरून किंवा दुकानांच्या पाट्यांवरून आधी पाहून घ्यावे.

राहिला ऑपेरा हाउसचा प्रश्न. पाचव्या जॉर्जच्या हस्ते उद्घाटन झाले ते १९११ मध्ये, आणि तेव्हा इमारतीचे काम पुरे झालेले नव्हते. आपल्या छायाचित्रात दर्शनी भाग पूर्ण असून कोठेही परांची नसेल, तर घरातली आठवण आणि छायाचित्र यांचा मेळ बसणे कठीण आहे. त्याहून नेमका पुरावा म्हणजे दारावरचा फलक. १९३० नंतरच्या दशकात हे नाट्यगृह प्रामुख्याने चित्रपटगृह बनले, त्यामुळे फलकावर सिनेमाचे नाव वाचता आले तर त्याच्या प्रदर्शनाच्या वर्षावरून आपल्याला साल मिळेल, आणि तेथे नाटक कंपनीचे नाव निघाले तर त्या काळच्या वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींवरून कदाचित महिनाही. छायाचित्राचा तेवढाच भाग मोठा करून येथे टाकलात, तर तो वाचण्याचा मीही प्रयत्न करीन.