शिबिरानंतरची पहाट

ताई, 10 दिवसांचं विपश्यना शिबिर करून आलात, आता सकाळ-संध्याकाळ तासभर घरी ध्यानाला बसायचं हीच खरी कसोटी. माझं पहिल्याच पावसाळ्यात सुटलं होतं. बेळगावचा पाऊस, पहाटेचा गारठा, पांघरूण सोडवत नव्हतं. मग शहापुरातल्या शेजारच्या काकूंशी ठरवलं: पाच वाजता मी त्यांची कडी वाजवायची, बोलायचं काही नाही, घोंगडी अंथरून शेजारी बसायचं. त्यांची भाषा कानडी, माझी मराठी, पण मौनात काहीच अडलं नाही. एखादा दिवस चुकला तर मनाला लावून घेऊ नका, संध्याकाळी बसा. आठवड्यातून एकदा सामूहिक साधनेला मात्र जाच. घरच्यांनाही वेळ सांगून ठेवा. उद्या पहाटे यायचं तर या, दार नुसतं लोटलेलं असतं.