जर्मनीचं कार्ड आणि ॲमस्टरडॅमची नोकरी

युरोपच्या एकल बाजारपेठेबद्दल या पंधरवड्यात आलेल्या प्रश्नांपैकी पाच घेतले आहेत. आंब्याच्या प्रश्नाने सगळ्यांत जास्त जागा खाल्ली. हापूसचा विषय निघाला की माझं असंच होतं.

प्रश्न : मुलगी म्युनिकला शिकून तिथेच नोकरीला लागली. आता ॲमस्टरडॅमच्या कंपनीची ऑफर आली आहे. युरोपात सगळीकडे मोकळं असतं ना? मग बॅग भरून गेली तर चालेल का? (एक आई, मुलुंड)

ताई, तिने राजीनामा दिला नसेल तर आधी थांबवा. मोकळं आहे, पण कोणाला? १९५७ च्या रोम करारापासून माल, सेवा, भांडवल आणि माणसं यांची वाट मोकळी करायची असं ठरत आलं, आणि त्यातली ‘माणसं’ म्हणजे युरोपीय युनियनच्या सदस्य देशांचे नागरिक. पोर्तुगालचा सुतार उद्या नेदरलँड्समध्ये कामाला लागू शकतो, त्याला परवाना लागत नाही. तुमच्या मुलीकडे जर्मनीचं निवास कार्ड आहे. त्यावर ती ॲमस्टरडॅमला फिरून येईल, कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत. नोकरीसाठी मात्र तिथला परवाना वेगळा.

तिचं कार्ड ‘ब्लू कार्ड’, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा युरोपीय परवाना, असेल तर गोष्ट बरीच सोपी होते. जर्मनीत बारा महिने काढल्यावर दुसऱ्या देशात जायचा सवलतीचा रस्ता आहे, पण तिथेही अर्ज करावाच लागतो. आज रात्री फोनवर तिला कार्ड हातात घ्यायला सांगा. त्यावर ‘ब्लाउए कार्टे’ असं छापलंय का, एवढंच वाचून घ्या.

प्रश्न : आम्ही वाशी मार्केटातून आखातात आंबा पाठवतो. युरोपचं नाव काढलं की सगळे घाबरवतात. देश २७, मग कागदही २७ वेळा करायचे का? (आंबा व्यापारी, वाशी)

नाही, एकदाच. रॉटरडॅमला पेटी उतरली, तपासणी झाली, सीमाशुल्काचे सोपस्कार उरकले की ती युरोपातल्याच मालासारखी धरली जाते. तिथून ट्रक थेट व्हिएन्नाला जातो. वाटेत हद्दीवर जकातीसाठी कोणी ताडपत्री वर करत नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईचे जकात नाके उठले, त्याआधीचं दहिसर आठवा. क्लिअरिंग एजंटकडे उमेदवारी करताना मी त्या नाक्यावर रात्री काढल्या आहेत. ड्रायव्हर ट्रकच्या आडोशाला स्टोव्ह पेटवून भात लावायचे. भात शिजायचा, खाऊन व्हायचा, भांडी घासून व्हायची, तरी आमचा नंबर लागलेला नसायचा.

पण मधले नाके उठले की सगळा भार पहिल्या दरवाजावर येतो. तिथून फळमाशीची एक अळी सुटली की पुढे तिला अडवणारं कोणी नाही. म्हणून २०१४ मध्ये एवढा आकांत झाला. आपल्या खेपांमध्ये फळमाशी आणि इतर किडी सापडत होत्या. शेवटी १ मेपासून भारताचा आंबा, कारलं, वांगं, पडवळ आणि अळू अख्ख्या युनियनसाठी बंद झालं, तेही अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर! लंडनच्या व्यापाऱ्यांनी बराच आरडाओरडा केला. पण ब्रिटन तेव्हा युनियनमध्ये होतं, त्यामुळे ‘आम्हाला चालतो, तुमचं तुम्ही बघा’ असं म्हणायची सोय नव्हती. आंब्यावरची बंदी जानेवारी २०१५ मध्ये उठली, भाज्यांना आणखी ताटकळावं लागलं.

तेव्हा तुम्हाला करायचं ते असं. बाग मँगोनेटवर, म्हणजे निर्यातीच्या आंबा बागांच्या सरकारी नोंदणीत, नोंदलेली हवी. फळावर गरम पाण्याची किंवा उष्ण बाष्पाची प्रक्रिया हवी. पणन मंडळाचं केंद्र तुमच्या वाशीतच आहे. त्यावर वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र. आणि सगळ्यांत नाजूक बाब म्हणजे औषधांचा अंश. एखाद्या कीटकनाशकासाठी वेगळी मर्यादा ठरवलेली नसेल तर किलोला ०.०१ मिलिग्रॅम, संपलं. आखातात बिनबोभाट गेलेला माल तिथे अडकू शकतो. बागायतदार ‘काही मारलं नाही हो’ म्हणेल. त्याच्या शब्दावर जाऊ नका, मोहोरापासूनची फवारणीची वही मागा. आपल्या द्राक्षवाल्यांनी २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या औषधापायी हाच चटका खाल्ला आहे.

प्रश्न : इतक्या देशांनी प्रत्येक जिनसेचा नियम एकत्र बसून ठरवायचा म्हणजे जन्म जाईल. हे जमलं कसं? (विद्यार्थी, परळ)

प्रत्येक जिनसेचा ठरवलाच नाही, इथेच गंमत आहे. फ्रान्सचं कासिस हे फळाचं गोड मद्य, त्यात अल्कोहोल १५ ते २० टक्के. जर्मनीचा कायदा म्हणे, अशा मद्यात किमान २५ टक्के हवं. सरकारी वकिलांचा एक मुद्दा तर असा होता की सौम्य दारूची लोकांना सवय लवकर लागते, म्हणून ती नको! हा मुद्दा ते कोर्टात सरळ चेहऱ्याने कसा मांडत असतील, याचं मला अजून कुतूहल आहे. १९७९ मध्ये युरोपीय न्यायालयाने निकाल दिला : एका देशात रीतसर बनून विकला जाणारा माल दुसऱ्याने सबळ कारणाशिवाय अडवायचा नाही. ग्राहकाची काळजी असेल तर बाटलीवर टक्केवारी छापा.

मग सामायिक नियम उरले ते जिथे जिवाला धोका आहे किंवा वेगवेगळ्या नियमांनी व्यापारच अडतो तिथले : खेळणी, औषधं, विजेची उपकरणं. १९८६ च्या करारात त्यातल्या बहुतेक बाबतींत एकमताची अट काढून बहुमत आणलं, नाहीतर एकेक देश अडून बसला असता. १ जानेवारी १९९३ ला बाजारपेठ उभी राहिली. काम अजून चालूच आहे. फोनला एकाच प्रकारचा चार्जर हा नियम लागू व्हायला २८ डिसेंबर २०२४ उजाडलं.

प्रश्न : नॉर्वे युनियनमध्ये नाही, तरी बाजारपेठेत आहे. तुर्कस्तानचं काय? (निवृत्त शिक्षक, दादर)

सर, नॉर्वे, आइसलँड आणि लिक्टेनस्टाइन १९९४-९५ पासून वेगळ्या करारान्वये बाजारपेठेत आहेत. नियम पाळतात, पैसेही भरतात, पण ते नियम ठरवताना मत देता येत नाही. तुर्कस्तान नेमका उलटा : बाजारपेठेत नाही, पण कारखान्याच्या मालापुरता सीमाशुल्क संघात आहे. तुर्की टीव्ही जकात न भरता जातो, टीव्ही बनवणारा कामगार जात नाही.

प्रश्न : आम्ही दोघं सत्तरीचे. पॅरिसला ४ रात्री, स्वित्झर्लंडला ७, इटलीत ३. व्हिसा कोणाकडे मागायचा? (गिरगाव)

स्वित्झर्लंडकडे, जिथे मुक्काम जास्त, तिथे अर्ज. तो देश युनियनमध्ये नाही, पण शेंगेनमध्ये, म्हणजे आपसांतल्या हद्दीवर एरवी पासपोर्ट न तपासणाऱ्या देशांच्या गटात आहे, त्यामुळे एका व्हिसावर तिन्ही होतील. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोचा काढा. काका, गाडीत पासपोर्ट मोठ्या बॅगेच्या तळाशी ठेवू नका. हद्दीवर एरवी कोणी विचारत नाही, पण काही देशांनी तात्पुरती तपासणी पुन्हा सुरू केली आहे. आणि मधेच लंडनला भाचीकडे डोकवायचा बेत असेल तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा लागेल, आणि शेंगेनच्या अर्जात ‘मल्टिपल एंट्री’वर खूण करायला विसरू नका.